बेटावरचा शेंदूर

गावानं बाला ज्या पाण्याला शिवू दिलं नाही, तसल्याच पाण्यात शहरानं त्याला कमरेइतकं उभं केलं. वर त्याचा रोज दिला.

आमचं गाव नगर जिल्ह्यातलं, दुष्काळी पट्ट्यातलं. विहिरीच्या कडेला घागर घेऊन बसायचं, कुणी बाई आली आणि तिला दया आली तर तिनं वरून पाणी वतायचं, ही तिथली रीत. अस्पृश्यता पाळणं गुन्हा, असा कायदा १९५५ साली झाला. आमच्या विहिरीपर्यंत तो पोचला नव्हता. १९७२ च्या दुष्काळात विहीरच आटली. बा खडी फोडायला गेला. खडीचं काम सरलं तसा मायला आणि आम्हा पोरांना घेऊन कल्याण स्टेशनात उतरला. चार-पाच वर्षं हमाली केली, बिगारी केली. मग ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या एका तळ्यावर साफसफाईला लागला. तळ्याचं नाव मी सांगत नाही. ज्यांनी कामाला लावलं त्यांचंही नाही. आता नाव सांगून कुणाला काय मिळणार आहे?

तळ्याच्या मधोमध बेट होतं. बेट म्हणजे मातीचा उंचवटा, त्यावर करंज, भेंडी आणि विलायती चिंचांची गर्दी. बाचं काम तराफ्यावर. रिकाम्या पिंपांवर फळ्या ठोकलेल्या, बांबूनं ढकलायचं, जाळीनं काढायचं. हार, फुलं, नारळ, पिशव्या, कधी मेलेलं कुत्रं. गणपती झाले की पाण्यावर सोंडा नि हात तरंगायचे. अख्ख्या शहरानं वाजतगाजत सोडलेले देव बा दुसऱ्या दिवशी घमेल्यात भरून काठावर आणायचा. तेव्हा कुणाला विटाळ होत नव्हता. देव पाण्यातून निघाला की कचरा होतो आणि कचरा झाला की तो आमचा होतो, एवढं मी लहानपणीच शिकलो.

बेटावर बाशिवाय कुणी जात नसे. सरकारी हुकूम नव्हता, पाटी नव्हती. पाणी होतं म्हणून कुणी जात नसे. आणि त्याचसाठी पाखरं तिथं होती. कुत्रं नाही, मांजर नाही, मुंगूस नाही, दगड मारणारी पोरं नाहीत. जूनमध्ये पावसाची पहिली सर आली की रातबगळे काड्या घेऊन यायचे, मग पांढरे बगळे, वंचक, पाणकावळे. एकेका झाडावर वीस-पंचवीस घरटी. खाली पाय ठेवायला जागा नाही, सगळीकडं पांढरी विष्ठा. बाच्या टोपीवर, खांद्यावर, पाठीवर. तो घरी आला की माय आधी त्याला नळावर पाठवायची.

बाला ती पाखरं कळत होती. शाळा शिकलेला नव्हता, पण डोळे होते. तो सांगायचा, बगळ्याची अंडी निळी असतात. फिकट निळी. त्याला त्याचं भारी अप्रूप. "आपल्या झेंड्याचीच, पर लई धुतल्यावानी," म्हणायचा. तीन आठवडे अंड्यावर बसतात, मग महिना-दीड महिना पिलांना भरवतात. नर-मादी दोघं आळीपाळीनं बसतात. बुडी मारून आलेला पाणकावळा पंख पसरून उन्हात उभा राहतो, कारण त्याची पिसं भिजतात. हे सगळं मी नंतर पुस्तकांत वाचलं आणि बाचं एकही चुकलेलं नव्हतं.

एक सांगून ठेवतो. पाखरांत जात नाही, ती कशी एका झाडावर गुण्यागोविंदानं राहतात, असलं भाषण मी ठोकणार नाही. काळा पाणकावळा आणि पांढरा बगळा एका झाडावर घरटं करतात हे खरं. पण शेजाऱ्याच्या घरट्यातली काडी चोरतात हेही खरं. रातबगळा संधी मिळाली तर दुसऱ्याचं पिलू गिळतो. बानं ते बघितलं होतं. त्यांच्या विष्ठेनं वर्षानुवर्षांत झाडंही जळून वाळतात. पाखरं साधुसंत नाहीत. जगायला जागा मिळायला साधुसंत असावं लागतं, हीच तर खोटी अट आहे. आमच्यावरही तीच लादलेली. स्वच्छ राहा, दारू सोडा, शिका, मग बघू.

१९८४ सालचा पावसाळा. तळ्याच्या काठावर नवी बिल्डिंग उभी राहिली होती. तिथल्या लोकांनी अर्ज दिला. वास येतो, घाण होते, रात्रभर कलकलाट, आजारपण पसरेल. बेटावरची झाडं छाटून टाका. मुकादमानं बाच्या हातात कोयता दिला आणि सांगितलं, संध्याकाळपर्यंत फांद्या खाली.

बा तराफा घेऊन गेला. तासाभरानं परत आला, कोयता तसाच. म्हणाला, पिलं हायेत, अजून डोळं नीट उघडलं न्हाईत, दिवाळीपतुर थांबा. मुकादमानं त्याचा दिवसाचा रोज कापला. उद्या दुसरा गडी पाठवतो म्हणाला.

त्या रात्री बा उशिरा आला. चिमणीच्या उजेडात जेवायला बसला तेव्हा मी त्याची बोटं बघितली. नखांत शेंदूर.

आमच्या घरात शेंदूर! आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा देव्हाऱ्यातले टाक, खंडोबा, म्हसोबा, सगळे पोत्यात घालून नदीत नेऊन टाकले होते. भिंतीवर दोनच तसबिरी, बुद्ध आणि बाबासाहेब. मी तेव्हा बावीस वर्षांचा. नामांतराच्या मोर्च्यात घसा फोडणारा, खिशात पेन आणि बगलेत पुस्तक घेऊन फिरणारा. माझं डोकं फिरलं.

"बा, हे काय?"

त्यानं काही लपवलं नाही. दुकानातून चार आण्यांचा शेंदूर आणला होता. दुकानदारानं विचारलं, कुणाला? बा म्हणाला, देवाला. अंधारात तराफा घेऊन बेटावर गेला, मोठ्या करंजाच्या बुडाशी एक गोटा मांडला, त्याला शेंदूर फासला, तळ्यातनंच काढलेला एक हार आणि एक नारळ ठेवला. सकाळी मुकादमाला सांगणार होता, जागा देवाची हाय, फांदी तोडली तर घरदार खाईल.

मी ओरडलो. बावीस प्रतिज्ञा घेतल्यास ना तू? बाबासाहेबांनी देव सोडायला लावले, तू नवा घडवतोस? कुणाला फसवतोस?

बा भाकरी मोडत होता. म्हणाला, "आरं, पाखराला पाखरू म्हणून कोन सोडतंय? मानसाला मानूस म्हणून सोडत न्हाईत. देव म्हणलं का समदी थांबत्यात."

"म्हणून तूही तेच करणार?"

"बावीस हायेत ना? त्यात जिवांवर दया करायची कंची?"

"तेरावी."

"मंग? एक मोडली, एक पाळली."

मी आठ दिवस त्याच्याशी बोललो नाही.

बाचं खरं ठरलं. दुसऱ्या दिवशी जो गडी कोयता घेऊन गेला तो हात जोडून परत आला. मुकादमही गप्प. ज्या बिल्डिंगीच्या लोकांनी अर्ज दिला होता त्यांच्यातल्याच काही बायका काठावरून बेटाकडं बघून हात जोडायला लागल्या. वास तोच, विष्ठा तीच, पण आता ती देवाच्या झाडावरच्या पाखरांची. त्या पावसाळ्यात सगळी पिलं उडाली. बा मला काही बोलला नाही. फक्त एकदा बेटावरून निळं टरफल आणून माझ्या पुस्तकावर ठेवलं.

इथं गोष्ट संपली असती तर मीही देवराईचं गुणगान करणारा झालो असतो. आपल्या सह्याद्रीत, कोकणात देवराया आहेत. देवाच्या भीतीनं लोकांनी तिथली काडी तोडली नाही, म्हणून जंगल टिकलं. माधव गाडगीळ आणि वर्तक यांनी १९७० च्या दशकात फिरून त्याचा अभ्यास केला. ते खरंच आहे. पण देव ज्याच्या हातात, देवराई त्याच्या हातात. हे मला पुस्तकातनं नाही, बेटावरनं कळलं.

दोन-तीन वर्षांत त्या गोट्याचं नाव झालं. कुणी नवस बोललं, कुणाला पोरगा झाला. विसर्जनाच्या दिवशी तराफ्यावरून माणसं बेटावर जायला लागली. पत्र्याचं छप्पर आलं. मग मंडळ आलं, पावतीपुस्तक आलं. कुणी सांगू लागलं की हे स्थान फार जुनं, स्वयंभू. बा ऐकायचा आणि जाळीनं हार काढायचा. १९९१ साली काठापासून बेटापर्यंत सिमेंटचा पूल झाला. देवळासाठी जागा मोकळी करायला मोठा करंज पाडला. ज्या झाडाला वाचवायला देव बसवला, त्याच देवासाठी झाड गेलं. ट्यूबलाइटी लागल्या, कर्णा लागला. पुलावरून माणसं गेली, माणसांमागं प्रसादाच्या वासानं कुत्री गेली, मांजरं गेली. रातबगळ्यांनी त्या वर्षी काड्या आणल्याच नाहीत. एक-दोन पाणकावळ्यांनी घरटी केली, ती मांजरांनी खाल्ली. पुढच्या वर्षापासून काही नाही.

देवळाच्या उद्घाटनाला बा धुतलेला सदरा घालून गेला. त्याचा देवावर विश्वास नव्हता, पण गोटा त्यानं मांडला होता. पुलाच्या तोंडाशी एकानं त्याला ओळखलं. म्हणाला, "तू आज कशाला? उद्या सकाळी ये, पत्रावळी उचलायला."

बा घरी आला, सदरा काढून ठेवला. त्या दिवशी मी त्याला टोचून बोललो नाही, एवढंच काय ते माझं चांगलं वागणं.

आता माझी चूक सांगतो. त्यासाठीच हे लिहायला बसलोय.

१९९६ साली एका शिबिरात मला कायद्यांची पुस्तिका मिळाली. मी ॲट्रॉसिटीचा कायदा शोधत होतो, १९८९ चा. पानं चाळताना वन्यजीव संरक्षण कायदा दिसला. १९७२ चा. त्यात शिकार या शब्दाची व्याख्या आहे. मारणं, पकडणं ही शिकार, आणि रानपाखराची अंडी फोडणं, अंड्यांना नि घरट्यांना धक्का लावणं हीसुद्धा शिकार. मग १९७५ चा महाराष्ट्राचा झाडांचा कायदा सापडला. शहरातलं झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही. मग संविधान उघडलं. पंधराव्या कलमात तलाव आहेत, हे मला पाठ होतं. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या वापरावर जातीमुळं बंदी घालता येणार नाही. ते वाचूनच आम्ही मोठे झालो. पण कलम ५१-अ मी कधी नीट वाचलं नव्हतं. १९७६ साली त्यात नागरिकांची कर्तव्यं घातली. वनं, सरोवरं, नद्या, वन्यजीव यांचं रक्षण करणं आणि प्राणिमात्रांविषयी दया बाळगणं, हे त्यात आहे. म्हणजे बानं ज्याला तेरावी प्रतिज्ञा म्हटलं, ते देशाच्या घटनेतही होतं.

१९८४ साली पाखरांचा कायदा बारा वर्षांचा झाला होता. बाच्या हातात कोयता होता आणि माझ्या बगलेत पुस्तक होतं. बाला वाचता येत नव्हतं. मला येत होतं. एक अर्ज लिहायचा होता. अमुक कायदा, अमुक साल, घरट्यात पिलं आहेत, दिवाळीपर्यंत थांबा. तो मी लिहिला नाही. मी बाला बाबासाहेब शिकवत बसलो. बाबासाहेबांनी काय केलं असतं हे मला सुचलं नाही.

महाडचंच बघा. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करा, हा सी. के. बोले यांचा नव्हे, सी. के. नव्हेच, सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळात १९२३ साली मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेनं १९२४ साली चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर. तळ्यावर गुरं पाणी पीत होती, पाखरं पीत होती, आम्ही नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब तळ्यात उतरले ते हातात हा ठराव असताना उतरले. पुढं सनातन्यांनी शेणगोमूत्र ओतून तळं शुद्ध केलं, दावा लावला. बाबासाहेब कोर्टात दहा वर्षं लढले. १७ मार्च १९३७ ला हायकोर्टात जिंकले. त्यांनी तिथं कुठला गोटा मांडला नाही. आमचाही देव या तळ्यात आहे, असं म्हणाले नाहीत. माणूस आहे, हक्क आहे, एवढंच म्हणाले. वेळ जास्त लागला. पण ते पुन्हा कुणाच्या मालकीचं झालं नाही.

मी हे सगळं बाला सांगितलं. तेव्हा तो अंथरुणाला खिळलेला होता. पुस्तिका वाचून दाखवली. शिकारीची व्याख्या दोनदा वाचायला लावली. मग म्हणाला, "मंग तवाच का न्हाई सांगितलंस?"

त्याला उत्तर नव्हतं. १९९८ साली तो गेला.

आता पावसाळ्यात मी ठाण्याला कचराळी तलावावर जाऊन उभा राहतो. महापालिका भवनाच्या शेजारी. नाव कचराळी, पण चांगलं राखलंय. भोवती फिरायला वाट, कठडा, मधे झाडांचं छोटं बेट. एके काळी ठाण्यात साठ-पासष्ट तळी होती असं सांगतात, आज पस्तीसच्या आसपास उरलीत. बाकीच्यांवर इमले आहेत. कठड्याला टेकून मी झाडांवरचे बगळे नि पाणकावळे मोजत बसतो. मला बेटावर जायचं नाही. कुणीच जाऊ नये असं वाटतं.

माझ्या एका जुन्या सोबत्यानं मला यावरून धरलं. म्हणाला, आपण तळ्यात उतरायसाठी डोकी फोडून घेतली आणि तू आता पाण्याभोवती कुंपण मागतोस? प्रश्न बरोबर आहे. मी त्याला जे सांगितलं ते इथं लिहितो. चवदार तळ्यावरची बंदी आमच्यापुरती होती, जन्मावरून होती आणि तिला शेवट नव्हता. घरट्यांच्या बेटावरची बंदी सगळ्यांना असावी, साहेबाला, पुजाऱ्याला, बिल्डरला आणि मलाही. तिला कारण असावं आणि मुदत असावी. पहिल्या पावसापासून दिवाळीपर्यंत. बानं तेवढंच मागितलं होतं. ज्या बंदीत एकाला मज्जाव आणि दुसऱ्याला मोकळं रान, ती जात. पाखरांसाठी पाळायची ती बंदी वेगळी.

ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगो येतात. २०१५ साली सरकारनं तिथं फ्लेमिंगो अभयारण्य केलं, जवळजवळ सतरा चौरस किलोमीटरचं. २०२२ साली ठाणे खाडी रामसर यादीत गेली, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींत. चांगलं झालं. कांदळवनासोबत बाकीच्या पाखरांनाही आसरा मिळाला. पण फ्लेमिंगो इथं अंडी घालत नाही. त्यासाठी तो कच्छच्या रणासारख्या ठिकाणी जातो. तो गुलाबी पाहुणा, लोक त्याचे फोटो काढायला होड्या करून जातात. बगळा, वंचक, पाणकावळा इथलेच रहिवासी. तुमच्या खिडकीसमोरच्या झाडावर संसार मांडणारे. त्यांच्यासाठी अजून अर्ज जातात. वास येतो, घाण होते. तोच अर्ज, तेच शब्द. आमच्या वस्तीबद्दलही हेच शब्द लिहिलेले मी वाचलेत.

परवा कचराळीच्या कठड्यावर माझ्या शेजारी एक गृहस्थ नाकाला रुमाल लावून उभे होते. म्हणाले, "किती घाण करतात हो ही. तोडून टाकायला पाहिजेत झाडं." मी त्यांना कायद्याचं नाव सांगितलं, साल सांगितलं, पिलं उडायला किती दिवस लागतात ते सांगितलं. ते जरा बाजूला सरकले. झाडापासून की माझ्यापासून, ते कळलं नाही. सरकू देत. मी मोठ्यानं बोललो होतो, तेवढं त्यांनी ऐकलं.

दोस्तहो, तुमच्या वस्तीजवळ तळं असेल, चिंच असेल, वड असेल, त्यावर बगळे बसत असतील, तर एवढं करा. वन्यजीव कायदा १९७२, झाडांचा कायदा १९७५, कलम ५१-अ. कागदावर उतरवा, घडी करून खिशात ठेवा. आणि ज्यांच्या हातात कोयता दिला जातो त्यांना आधी वाचून दाखवा. ती माणसं आपलीच असतात. एखादा म्हातारा अंधारात शेंदूर आणायला निघायच्या आत सांगा.